एका चटईवर तीन सबक

ढोकीहून एका भगिनीचे पत्र आले आहे. वहीच्या मधली दोन पाने फाडून, दोन्ही बाजूंनी भरून लिहिलेले. सलाम-दुआनंतर त्या लिहितात ते थोडक्यात असे. घरात तीन मुले. थोरला साडेतेरा वर्षांचा. पाचवी पास होऊन तो हिफ्जसाठी बाहेरगावच्या मदरशात गेला. पंधरा पारे झाले आणि वडिलांच्या आजारपणामुळे त्याला परत यावे लागले. मुलगी दहा वर्षांची, पाचवीत आहे. धाकटा सात वर्षांचा, दुसरीत. थोरला आता शाळेत पाऊल टाकायला तयार नाही, कारण त्याच्या बरोबरीची मुले आठवीत गेली. म्हणून तिघांनाही शाळेतून काढून घरीच शिकवावे असा विचार आहे. शाळेत दीनी वातावरण नाही हेही एक कारण. मोबाईलवर त्यांनी एक इंग्रजी ‘इस्लामी होमस्कूल’ अभ्यासक्रम पाहिला आहे. प्रश्न असा की, तिघांच्या इयत्तेप्रमाणे तीन संच घ्यावेत की एकच संच घेऊन तिघांना बसवावे? शेवटी एक ओळ आहे : मुलगी हुशार आहे, ती धाकट्याला शिकवील, म्हणजे आपल्यालाही हातभार लागेल.

या शेवटच्या ओळीपाशी आम्ही जरा थांबलो. तिच्याकडे पुढे येऊ.

उत्तर लिहायला बसलो, पण मुले पाहिल्याशिवाय अभ्यासक्रम सांगणे म्हणजे रुग्णाला न बघता औषध देणे. लातूरला जायचे काम होतेच. वाटेत ढोकीला उतरलो. साखर कारखान्याचे गाव; हंगाम नसल्यामुळे रस्ता मोकळा होता. घरी भगिनी होत्या, त्यांच्या सासूबाई होत्या, आणि तिन्ही मुले.

पुस्तके बाजूला ठेवून आम्ही आधी मुलांना एकेकटे बसवले. ‘प्रथम’ ही संस्था २००५ पासून ‘असर’ नावाची पाहणी करते. त्यात मुलांची इयत्ता बघत नाहीत; काय वाचता येते ते बघतात. आधी अक्षरे, मग सुटे शब्द, मग पहिलीच्या पातळीचा छोटा उतारा, मग दुसरीच्या पातळीची गोष्ट. गणितात अंक ओळखणे, मग हातच्याची वजाबाकी, मग तीन अंकी संख्येला एका अंकाने भाग. सगळे तोंडी किंवा एका कागदावर. एका मुलाला दहा मिनिटे पुरतात, आणि मराठी वाचता येणारी कोणतीही आई ही तपासणी घरी करू शकते. अट एकच : दुसरी मुले त्या वेळी खोलीत नसावीत.

धाकट्याने शब्द वाचले, उताऱ्यावर अडखळला. दुसरीच्या सुरुवातीला हे वाईट नाही. मुलीने गोष्ट सरळ वाचली, भागाकारही केला आणि बाकी किती उरली ते न विचारता सांगितले. थोरल्याने गोष्ट वाचली, पण एकेक शब्द उचलत. भागाकाराच्या कागदाकडे तो बराच वेळ बघत राहिला. मग हळूच म्हणाला, “मेरेकू हिसाब नै आता. सब हसेंगे.”

म्हणजे आठवीत बसायची लाज हे खरे कारण नव्हतेच. अडीच वर्षांत गणित हातातून सुटले आणि ते कोणाला सांगता येईना. ज्या मुलाने पंधरा पारे पाठ केले त्याची स्मरणशक्ती, चिकाटी आणि पहाटे उठायची सवय यांवर शंका घ्यायचे कारण नाही. त्याचा एक धागा तुटला आहे, तो तुटला तिथूनच जोडायला हवा. आठवीचे पुस्तक त्याच्यापुढे ठेवले तर तो आणखी मागे सरेल. इंग्रजी संचाचेही तेच होईल.

आता अभ्यासक्रमाच्या प्रश्नाकडे. तीन वेगवेगळ्या पातळ्यांची मुले एकत्र कशी शिकवायची, याचे उत्तर शोधायला लांब जावे लागत नाही. आपल्या मशिदीतला मक्तब आठवा. एका चटईवर वीस मुले बसतात आणि वीस जणांचे सबक वेगळे असतात. कोणी कायदा वाचत असतो, कोणी अम्मा पाऱ्यात, कोणी दहाव्या पाऱ्यात. मौलवीसाहेब एकेकाला जवळ बोलावतात, त्याचा सबक ऐकतात, पुढचा देतात. ज्याचा पक्का झाला नाही त्याला तोच पुन्हा. शेजारचा पुढे गेला म्हणून याला कोणी ढकलत नाही. हिफ्जच्या मुलांना तर रोज तीन कामे असतात : नवा सबक, अलीकडचे सबकी आणि जुनी मंजिल. गणिताला आणि वाचनाला हीच पद्धत लावली की तीन मुलांचा गोंधळ बराचसा मिटतो. रोज थोडे नवे, कालचे पुन्हा, आणि आठवड्यातून एकदा जुने.

थोरल्यासमोर हे बोललो तेव्हा त्याने पहिल्यांदा मान वर केली. हे त्याला कोणी शिकवायची गरज नव्हती.

तर वाचन आणि गणित ज्याचे त्याचे. यात तिघांना एकत्र बसवू नये, विशेषतः थोरल्याला आणि बहिणीला. आजच्या घडीला गणितात ती त्याच्या पुढे आहे आणि हे दोघांनाही ठाऊक आहे. एकाच पाटीवर दोघांना उदाहरण घातले तर रोज संध्याकाळी घरात एक जण हरणार. त्याऐवजी थोरल्याने सकाळी, भावंडे शाळेत असताना, चौथीच्या गणितापासून सुरुवात करावी. चौथीचे पुस्तक म्हणून कमीपणा वाटत असेल तर त्याला वर्तमानपत्राचे कव्हर घालावे. आमच्या अंदाजाने इतक्या मोठ्या मुलाला चौथी-पाचवीचे गणित संपवायला दोन वर्षे लागत नाहीत. रोज दीड तास दिला तर काही महिन्यांचे काम आहे.

बाकीचे मात्र तिघांना एकत्र शिकवता येते. सीरत, दुआ, अदब, परिसर, इतिहास, विज्ञानातल्या गोष्टी. विषय एक, काम तीन. ढोकीत उसाएवढा चांगला विषय कुठे मिळणार? धाकट्याने दहा-दहा कांड्यांचे गठ्ठे करून मोजावेत. मुलीने १२ टन म्हणजे किती क्विंटल ते काढावे. थोरल्याला विचारावे : ट्रॉलीत १२ टन ऊस आहे, उतारा १० टक्के आहे, तर साखर किती निघेल? बारा क्विंटल हे उत्तर आले की टक्केवारी त्याला समजली, आणि तीही ज्या गोष्टीवर गावात रोज बोलणे चालते तिच्यातून.

तसेच जवळचे तेर. एका सुट्टीच्या दिवशी तिघांना घेऊन तिथल्या रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयात जावे. हे तेर म्हणजे प्राचीन तगर. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या एका ग्रीक खलाशी-ग्रंथात त्याचे नाव येते. इथले कापड गाड्यांतून भडोचच्या बंदरावर जाई आणि तिथून समुद्रापार. धाकट्याने संग्रहालयात बघितलेल्या पाच वस्तूंची चित्रे काढावीत, मुलीने दहा ओळी लिहाव्यात, थोरल्याने नकाशावर तेर ते भडोच रेघ ओढून मधली गावे लिहावीत. घरी आल्यावर प्रत्येकाने आपले काम दादीला समजावून सांगावे. दादींना लिहिता-वाचता येत नाही, त्यामुळे त्या फार चांगल्या परीक्षक ठरतात. समजले नाही तर तसे सांगतात.

दादींनीच एक गोष्ट काढली. त्यांच्या सासऱ्यांचा सगळा हिशेब उर्दूत होता. खरेच आहे. १९४८ पर्यंत हा जिल्हा निजामाच्या हैदराबाद राज्यात होता आणि कचेरीची भाषा उर्दू होती. घरात दखनी, शाळेत मराठी, कुरआन अरबीत, आणि मोबाईलवरचा तो संच इंग्रजीत. चार भाषांचे ओझे एकदम मुलांवर टाकू नये. शिकण्याची भाषा मराठीच राहू द्यावी, कारण आईला ती नीट येते आणि अडले तर विचारायला शेजारी माणूस आहे. उर्दू थोरल्याने शिकवावी. त्याला अरबी अक्षरे येतातच. पे, टे, चे, डाल, ड़े, गाफ अशी सात-आठ अक्षरे जास्तीची. तो महिन्या-दोन महिन्यांत वाचू लागेल आणि बहिणीला रोज पंधरा मिनिटे शिकवील. जिथे तो मागे आहे तिथे तिची बरोबरी नको, आणि जिथे तो पुढे आहे तिथे त्याला उस्ताद होऊ द्यावे.

त्या इंग्रजी संचाबद्दल आम्ही तिथेच स्पष्ट बोललो. तिघांचे मिळून जेवढे मागतात तेवढ्यात एक दुभती म्हैस येते. आणि एवढे देऊन शेवटी जो कागद मिळतो तो आपल्याकडे आयटीआयच्या खिडकीवरसुद्धा कोणी घेत नाही. चित्रे सुरेख आहेत, यात शंका नाही. पण बालभारतीची पुस्तके सरकारी व अनुदानित शाळेत आठवीपर्यंत फुकट मिळतात आणि संकेतस्थळावरही मोफत उतरवता येतात. मराठी, उर्दू, दोन्ही माध्यमांत. त्यांच्यावरचे चौकोनी क्यूआर कोड आपण बघूनही बघत नाही. ती कल्पना शेजारच्या सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतून आली. तिथल्या रणजितसिंह डिसले गुरुजींना २०२० मध्ये ग्लोबल टीचर प्राइझ मिळाले. मोबाईल घरात आहेच, तर आधी त्या कोडवर धरून बघावा.

कागदाचा विषय निघालाच आहे तर तो नीट समजून घेऊ. घरी शिकवायचे ठरवताना आपण पहिल्या दिवशीच्या पुस्तकाचा विचार करतो. विचार शेवटच्या परीक्षेपासून उलटा करायला हवा. मुंबईच्या मालविका जोशीचे नाव अनेकांनी ऐकले असेल. आईने तिला सातवीनंतर शाळेतून काढून घरी शिकवले, संगणकाच्या आंतरराष्ट्रीय ऑलिम्पियाडमध्ये तिने तीन पदके मिळवली आणि २०१६ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीत तिला प्रवेश मिळाला. घरशाळेच्या कौतुकात हे उदाहरण नेहमी येते. पण बारावीचे प्रमाणपत्र नाही म्हणून आपल्याच आयआयटीचे दार तिला बंद होते, हे त्यात सांगितले जात नाही. पदके सगळ्यांना मिळत नाहीत. आपल्या मुलांना प्रमाणपत्र लागणारच.

थोरल्यापुढे आज दोन रस्ते आहेत आणि त्यांतला एक लवकरच अरुंद होणार आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने ६ ते १४ वयाच्या मुलाला त्याच्या वयाच्या वर्गात प्रवेश मिळतो, मध्ये शिक्षण तुटले असले तरी. बरोबरीला येण्यासाठी विशेष प्रशिक्षण मिळणे हाही त्याचा हक्क आहे. वर्ष सुरू होऊन गेले म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. एकदा असा प्रवेश झाला की चौदा पूर्ण झाल्यावरही आठवी पूर्ण होईपर्यंत शिक्षण मोफत. पण प्रवेश चौदाच्या आत व्हायला हवा, आणि याला चौदावे लागायला सहा महिनेही उरलेले नाहीत. म्हणून आमचे म्हणणे असे की, आता लगेच मुख्याध्यापकांना भेटून यावे. मुलाला बरोबर न नेता. तोवर घरी गणित चालू ठेवावे. भीती हिशेबाची आहे. हिशेब जमू लागला की कदाचित तो स्वतःच दप्तर भरील.

नाहीच तयार झाला, तर दुसरा रस्ता राष्ट्रीय मुक्त विद्यालयाचा, ज्याला एनआयओएस म्हणतात. वय १४ पूर्ण झाल्यावर दहावीच्या पातळीला नाव घालता येते. आठवीचा दाखला नसेल तर ‘हा अभ्यास मी करू शकतो’ असे स्वतः लिहून दिलेले चालते. पाच विषय लागतात, ते एकदम द्यावे लागत नाहीत. पाच वर्षांत नऊ संधी असतात. एका वेळी एक विषय दिला तरी चालतो. पुस्तके फीमध्येच येतात आणि माध्यम मराठी किंवा उर्दू घेता येते. हिफ्ज पुरे करता करता दहावी करू पाहणाऱ्या मुलाला ही सोय अगदी अंगाला बसणारी आहे. तिथे गणित सोडून द्यायचीही मुभा आहे, आणि हाच मोह टाळायचा आहे. गणित सोडले की पुढे आयटीआय, डिप्लोमा, विज्ञान असे बरेच रस्ते आपोआप सुटतात. अरबीही विषय म्हणून घेता येते, पण हाफिजाला ती सोपी जाईल असे गृहीत धरू नये. तिथे अर्थ आणि व्याकरण विचारतात.

आणखी एक वाट माहीत असावी. आपल्या राज्याच्या मंडळाची दहावी बाहेरून देता येते. तो १७ नंबरचा फॉर्म. त्याला पाचवी पास असावे लागते, आणि ती याची आहे. तो शाळेचा दाखला जपून ठेवा, असे आम्ही सांगितले तेव्हा भगिनींनी पेटी उघडली. दाखला सापडला.

हिफ्जचे काय, हे वडिलांनी विचारले. बोलताना त्यांना धाप लागत होती. पंधरा पारे झाले आहेत, तर फजरनंतर रोज एक पारा मंजिल फिरवावी; पंधरा दिवसांत एक फेरा होतो. गावातल्या हाफिजसाहेबांनी ऐकावे. पुढचे पारे थोडे सावकाश, पण चालू. हिफ्ज केलेली मुले पुढे शालेय शिक्षणात येऊ शकत नाहीत, असे कोणाला वाटत असेल तर त्याने बीदरच्या शाहीन संस्थेकडे बघावे. अशा मुलांसाठी त्यांनी वेगळे वर्गच चालवले आहेत आणि तिथली मुले वैद्यकीय प्रवेशापर्यंत गेली आहेत. बीदर इथून काही लांब नाही.

आता त्या शेवटच्या ओळीचे.

आम्ही बोलत होतो तेवढा वेळ मुलगी चहा करत होती, कप धूत होती, धाकट्याला बाहेर नेत होती. निघताना तिने दप्तरातून एक चतकोर कागद आणून आईच्या हातात दिला. बाईंनी वर्गात लिहून दिलेला. त्यावर नवोदय विद्यालयाच्या परीक्षेच्या अर्जाला लागणाऱ्या कागदपत्रांची यादी होती. आईने तो पहिल्यांदा पाहिला. कागद बरेच दिवस घड्या पडलेला दिसत होता.

नवोदयची परीक्षा सहावीच्या प्रवेशासाठी असते. मान्यताप्राप्त शाळेत पाचवीत शिकत असतानाच ती देता येते, आणि एकदाच. किमान पाऊणशे टक्के जागा ग्रामीण भागाच्या, किमान एक तृतीयांश मुलींच्या. राहणे, जेवण, पुस्तके मोफत. निवड होणे अवघड आहे, आणि झाली तरी मुलीला वसतिगृहात पाठवायचे का हा त्या घराचा प्रश्न आहे. पण तिला या महिन्यात शाळेतून काढले तर तो प्रश्न पडणारच नाही. दार कोणी बंद केले हेही कळणार नाही.

ती धाकट्याला शिकवील हे खरे आहे. ती चांगलेच शिकवील. पण दहा वर्षांच्या मुलीला घरी ठेवून भावाची शिक्षिका केले तर तिला कोण शिकवणार? आई नववीपर्यंत शिकलेल्या आहेत. अजून तीन वर्षांनी आईची पाटी संपेल, आणि तेव्हा मुलगी तेरा वर्षांची असेल, तिच्या भावाच्या आजच्या वयाची. फरक एवढाच की तिला परत शाळेत घालायची घाई कोणाला नसेल. आम्ही हे कठोर बोललो, भगिनींनी माफ करावे. असे घडलेली घरे आम्ही पाहिली आहेत. कोणाच्याच मनात वाईट नव्हते.

राहिला दीनी वातावरणाचा मुद्दा. तो आम्ही हलका मानत नाही. पण जिल्हा परिषदेच्या शाळेत सहा तास आणि घरी अठरा तास, यात वातावरण कोणाचे जास्त? सीरतच्या ग्रंथांत बद्रच्या कैद्यांची हकिकत येते. ज्यांना लिहिता येत होते त्यांनी मदीनेच्या दहा-दहा मुलांना लिहायला शिकवावे आणि सुटावे, अशी मुभा त्यांना दिली गेली. ते शिक्षक कालपर्यंत रणांगणावर समोर उभे होते. अक्षर त्यांच्याकडून घेतले, ईमान घरातून. आणि ज्या बाईंनी न सांगता नवोदयचा कागद लिहून दिला, त्यांना आमचा सलाम.

म्हणजे हिशेब असा झाला की, तीन मुलांसाठी तीन संच नकोत आणि एकही नको. घरी शिकायचे ते एकट्या थोरल्याने, तेही सध्यापुरते. दोघे शाळेत जातील. मगरिबनंतर एक तास तिघे चटईवर : आधी वीस-पंचवीस मिनिटे ज्याचा त्याचा सबक, मग उर्दू, मग एक विषय तिघांचा. आईने त्या तासात स्वयंपाकघरात नसावे, एवढीच घरातल्या बाकीच्यांना विनंती. भाकरी त्या दिवशी अर्धा तास उशिरा झाली तरी चालेल. दादी म्हणाल्या, त्या तासाला भाकरी त्या थापतील.

दर दोन महिन्यांनी पुन्हा तीच दहा मिनिटांची तपासणी करावी आणि तारखेसह वहीत लिहावी. तीन पाने, तीन नावे. एकाचे पान दुसऱ्याला दाखवू नये.

भगिनींना आमचा निरोप : नवोदयच्या अर्जाची मुदत दर वर्षी बदलते, तेव्हा हा अंक हातात पडेल त्याच दिवशी बाईंना विचारून घ्या. आधार, रहिवासी दाखला आणि मुलीचा फोटो तयार ठेवा. मुख्याध्यापकांची भेट कशी झाली तेही कळवा.